जड सामान हलवायचंय? किलोच्या आधी अंतर मोजा

पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा बाजार समितीतला हमाल बऱ्याचदा अंगाने काटकुळाच असतो. तोच कट्टा जमिनीवरून उचलायला गेलेला एखादा धडधाकट तरुण मात्र कंबर धरून खाली बसतो. दोघांतला फरक दंडांच्या ताकदीचा नसतो. फरक असतो तो ओझं शरीरापासून किती लांब आहे यात. हमालाच्या पाठीवर कट्टा मणक्याच्या जवळजवळ वरच असतो. आपल्या तरुणाने तो हात लांबवून, पुढे वाकून धरलेला असतो.

पुढचा सगळा लेख या एका मुद्द्याभोवती फिरणार आहे. कपाट सरकवा, फ्रिज जिन्यावरून चढवा, कारखान्यातला माग जागेवरून हलवा किंवा गच्चीवरची टाकी खाली सोडा, "किती किलो?" हा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न "किती लांब?" असा असतो. सोयीसाठी मी बलही किलोतच सांगणार आहे. भौतिकशास्त्राच्या सरांना ते खटकेल, त्यांनी प्रत्येक आकड्याला ९.८ ने गुणून न्यूटन करून घ्यावेत. आपल्याकडे बाजारात न्यूटन चालत नाही.

शरीराची तरफ तोट्यातली आहे

शाळेत तरफ शिकवताना सांगतात की थोड्या बलात मोठा भार उचलता येतो. आपल्या शरीरात मात्र बहुतेक तरफा उलट्या बसवलेल्या आहेत. दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम ४ ते ५ सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि तळहात असतो ३५ सेंटीमीटरवर. म्हणजे कोपर काटकोनात ठेवून हातात १० किलो धरले, तर स्नायूला ७० ते जवळजवळ ९० किलोंची ओढ द्यावी लागते. या तोट्याच्या बदल्यात आपल्याला वेग मिळतो. स्नायू बोटभर आखडला की हात फूटभर फिरतो. गोफण फिरवायला हे उत्तम, पोतं उचलायला नाही.

कमरेचा हिशोब आणखी कडक आहे. मणक्यामागचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटीमीटरवर ओढतात. २० किलोची पेटी हात लांब करून मणक्यापासून ५० सेंटीमीटरवर धरली, तर त्या स्नायूंना २०० किलोंनी ओढावं लागतं. त्यात पुढे वाकलेल्या धडाचं, डोक्याचं आणि हातांचं वजन वेगळं. ते धरलं तर आकडा ४०० किलोंच्या आसपास जातो, आणि हा सगळा दाब मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. तीच पेटी पोटाशी, २५ सेंटीमीटरवर घ्या. पेटीचा वाटा २०० वरून १०० वर येतो. पेटी तीच आणि माणूसही तोच.

म्हणून अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-सुरक्षा संस्थेच्या उचलण्याच्या सूत्रात मूळ मर्यादा २३ किलो धरली आहे, पण ती ओझं घोट्यांपासून २५ सेंटीमीटरवर असेल, उंची सोयीची असेल आणि अंग पिळलेलं नसेल तरच. अंतर दुप्पट झालं की मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलोंची शिफारस केली. हे दोन आकडे एकमेकांच्या विरोधात नाहीत. पहिला आकडा बहुतेक निरोगी कामगारांना झेपेल अशा कामाचा आहे, दुसरा सवयीच्या कामगारासाठीची वरची हद्द आहे. घरी कधीतरी सामान हलवणाऱ्याने पहिलाच आकडा डोक्यात ठेवावा.

मग मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलोंच्या गटात ११५ किलो डोक्यावर कसे नेले? एक तर स्नायूचं बल त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि वजन घनफळावर. म्हणून लहान चणीच्या माणसाची ताकद त्याच्या वजनाच्या मानाने जास्त निघते. दुसरं, तिच्या उचलण्याची चित्रफीत हळू करून पाहा. बार नडग्यांना आणि मांड्यांना जवळजवळ घासत वर येतो. अंगापासून वीतभर पुढे गेला तर तो तिलाही पेलणार नाही.

पहिलं काम: वजन काढणं

अंदाजाने "असेल पन्नास-साठ" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःवरही नाही. घरात एक तयार माप असतं. भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोंचा असतो. त्यात गॅस १४.२ किलो, बाकी लोखंड, आणि रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. तो हलवताना हाताला काय वाटतं ते लक्षात ठेवा.

पाण्याचं सोपं आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. गच्चीवरची ५०० लिटरची टाकी तळाला थोडं पाणी ठेवून हलवायला जाल तर तुमच्या नकळत ४०-५० किलो जास्त उचलाल, शिवाय ते पाणी आत डुचमळून ऐन वेळी एका बाजूला धावेल. शहाबादी फरशी किंवा कडप्पा एक इंच जाडीला दर चौरस फुटाला सव्वासहा किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे दोन बाय दोनची फरशी २५ किलो आणि सहा बाय दोनचा ओटा ७५ किलो. लोखंडाचा पत्रा एक मिलिमीटर जाड आणि एक चौरस मीटर असेल तर पावणेआठ किलोंच्या थोडा वर.

मोजता न येणाऱ्या वस्तूसाठी एक युक्ती आहे. बाथरूममध्ये ठेवायचा साधा वजनकाटा घ्या. कपाटाची एक बाजू जराशी उचलून काट्यावरच्या लाकडी गुटक्यावर टेकवा. दुसरी बाजूही तेवढ्याच उंचीच्या गुटक्यावर ठेवा. काट्यावरचा आकडा वाचा, मग बाजू बदलून दुसरा वाचा. दोहोंची बेरीज म्हणजे वजन. कोणता आकडा मोठा आला यावरून जड बाजूही कळते. फ्रिजचं जड टोक खाली आणि मागे असतं, कारण कॉम्प्रेसर तिथे असतो. वॉशिंग मशिनमध्ये, विशेषतः समोरून कपडे घालायच्या, काँक्रीटचं वजन मुद्दाम बसवलेलं असतं आणि ते कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून काट्यावर घालणं बरं.

वाट मोजायचं काम पाच मिनिटांचं आहे पण टाळू नका: दरवाजे, जिन्याचं वळण, लोंबणाऱ्या वायरी, बोळातली गटाराची झाकणं. आमच्या सोलापुरात पूर्व भागातल्या जुन्या घरांत किंवा बाळीवेशीकडच्या वाड्यांत जिना इतका अरुंद असतो की कपाट वर नेण्यापेक्षा गॅलरीतून दोराने ओढून घेणंच शहाणपणाचं ठरतं. हे निम्म्या जिन्यात अडकल्यावर कळून उपयोग नसतो.

ढकलायची ताकद तळव्यात असते

समजा १०० किलोंचं लोखंडी कपाट फरशीवरून सरकवायचं आहे. लोखंड आणि फरशी यांच्यातलं घर्षण साधारण ०.४ धरू. म्हणजे आडवं ४० किलो बल हवं. आता तुम्ही. वजन ६५ किलो, पायात रबरी तळाची चप्पल, फरशी स्वच्छ आणि कोरडी. तळव्याचं घर्षण ०.६ मिळालं तर तुम्ही जास्तीत जास्त ३९ किलो ढकलू शकता. दंड कितीही मोठे असोत, त्यापुढे पायच घसरणार. फरशीवर धूळ असेल किंवा कुणी नुकतंच पुसून ठेवलं असेल तर घर्षण ०.३ वर येतं आणि तुमची सगळी "ताकद" २० किलोंची उरते. सोलापुरात धुळीला तोटा नाही. बारीक धूळ चपलेच्या तळाखाली छोट्या छोट्या गोट्यांसारखी फिरते. म्हणून ढकलण्याआधी झाडू मारणं हे स्वच्छतेचं काम नाही, ताकद दुप्पट करण्याचं काम आहे.

मग कपाटाखालचं घर्षण कमी करा आणि स्वतःच्या पायांखालचं वाढवा. जुनी, जाड सोलापुरी चादर चौपदरी करून कपाटाच्या पायांखाली घातली की गुळगुळीत फरशीवर ते बरंच सुटं होतं. चादर घालण्यासाठी कपाट उचलायचं नाही, कलतं करायचं. साडेसहा फूट उंच आणि दीड फूट खोल कपाट माथ्याशी ढकललं तर एक कड उचलायला फक्त १२ किलो लागतात. एकाने कलतं धरायचं, दुसऱ्याने चादर सरकवायची. फक्त लक्षात ठेवा, असं कपाट साधारण १३ अंशांपलीकडे गेलं की त्याचा गुरुत्वमध्य कडेच्या बाहेर पडतो आणि मग ते स्वतःहून येतं. समोर दुसरा माणूस हात लावून उभा असल्याशिवाय कलतं करू नका, आणि दरवाजे आधी दोरीने बांधा. कलल्यावर उघडलेला दरवाजा गुरुत्वमध्य आणखी पुढे खेचतो.

ढकलताना हात कुठे लावायचा? छातीशी लावलेला हात नैसर्गिक वाटतो आणि तिथेच घोळ होतो. कपाटाच्या दीड फूट खोलीच्या दिशेने, म्हणजे समोरून किंवा मागून ढकलताना, वरच्या घर्षणाच्या हिशोबाने, दोन फुटांच्या वर जोर दिला तर कपाट सरकण्याआधी कलतं. रुंदीच्या दिशेने, म्हणजे कुशीवरून ढकललं तर ही उंची पावणेचार फुटांपर्यंत जाते. म्हणून कपाट शक्यतो रुंदीच्या दिशेने सरकवा, आणि दुसरी वाट नसेलच तर गुडघ्याच्या जरा वर हात लावून ढकला.

चाकं, पाइप आणि उंबरठा

घसरण्यात वजनाच्या ४० टक्के बल लागतं, चाकावर २ ते ५ टक्के. यापेक्षा मोठा फायदा कोणत्याही व्यायामाने मिळणार नाही. बाजारात सामानाखाली घालायच्या चार चाकांच्या ट्रॉल्या मिळतात आणि गुळगुळीत फरशीवर त्या झकास चालतात. अडचण येते उंबरठ्यावर.

छोट्या चाकाला उंबरठा म्हणजे भिंत. चाकाची त्रिज्या ५ सेंटीमीटर आणि उंबरठा २ सेंटीमीटर असला, तर आडवं ढकलून ते चाक वर चढवायला त्या चाकावरच्या भाराच्या १.३३ पट बल लागतं. म्हणजे सरळ उचलण्यापेक्षाही जास्त! तोच २ सेंटीमीटरचा उंबरठा हातगाडीच्या ३५ सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकाला एक तृतीयांश भारात पार करता येतो. मार्केट यार्डातल्या हातगाड्यांची चाकं एवढी मोठी का, हे खड्ड्यांतून गाडी ओढणाऱ्याला विचारायची गरज पडत नाही. घरात मोठी चाकं कुठून आणणार, म्हणून उंबरठ्याला दोन्ही बाजूंनी फळीची उतरण करा. फूटभर लांबीची पाचर पुरते.

यंत्र जड असेल तर ट्रॉलीपेक्षा पाइप बरे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायचा असला की जाणती माणसं आजही जाड पाइपचे तुकडे घेऊन बसतात. पाइप यंत्राच्या रुंदीपेक्षा हातभर लांब हवेत, सगळे एकाच मापाचे, आणि कमीत कमी चार. इथे एक गंमत आहे. यंत्र दोन फूट पुढे गेलं की पाइप एकच फूट पुढे जातो, कारण तो खालच्या जमिनीवरही फिरतोय आणि वरच्या यंत्राखालीही. त्यामुळे पाइप मागे पडत जातात आणि मागून सुटलेला उचलून पुढे घालावा लागतो. म्हणूनच चार लागतात: तीन भाराखाली, एक हातात. वळायचं असेल तर पुढचा पाइप टोकावर हातोड्याने हळू ठोकून तिरका करायचा, यंत्र त्याच्यामागून वळतं. पाइप नेहमी टोकाला धरून, बाजूने सरकवायचा. बोटं यंत्र आणि पाइप यांच्यामध्ये गेली तर यंत्राला थांबवणारं तिथे काही नसतं.

जमिनीला उतार असेल तर पाइप आणि चाकं दोन्ही वैरी होतात. बारा फुटांत एक फूट एवढासा उतारसुद्धा ६०० किलोंच्या यंत्राला ५० किलोंनी खाली खेचतो. मागून दोर लावलेला असावा, आणि एका माणसाचं काम फक्त लाकडी पाचर घेऊन चालणं एवढंच असावं. या माणसाला बाकीचे आळशी म्हणतात, म्हणू द्या.

पहार

पाइप घालायचे तर यंत्र आधी उचलायला हवं, आणि इथे पाच फुटी पहार लागते. टेकू पहारीच्या टोकापासून १० सेंटीमीटरवर ठेवला तर हाताच्या बाजूला १४० सेंटीमीटर उरतात. चौदापट फायदा. ६०० किलोंचं यंत्र एका बाजूने उचललं की निम्माच भार येतो, ३०० किलो. चौदाने भागा, २१ किलो आणि थोडं वर. एका माणसाने पहारीवर नुसतं झुकावं एवढंच.

बदल्यात द्यावं लागतं अंतर. यंत्र ३ सेंटीमीटर वर यायला हात ४२ सेंटीमीटर खाली जावा लागतो. म्हणून एका दमात फार वर न नेता थोडं उचलायचं, लगेच खाली गुटका सारायचा, टेकू उंच करायचा, पुन्हा उचलायचं. गुटका सारल्याशिवाय दुसरं काहीही करायचं नाही. पहारीवर तोललेल्या यंत्राखाली हात घालणं म्हणजे एका माणसाच्या घामाने भिजलेल्या मुठीवर बोटं पणाला लावणं.

टेकूवर किती भार येतो याचा विचार फार थोडे करतात. यंत्राचे ३०० आणि तुमचे २१, दोन्ही टेकूवरच उतरतात. वीट टेकू म्हणून ठेवली की अर्ध्या कामात फुटते आणि पहार उसळते. बाभळीचा किंवा सागाचा गुटका घ्या, आणि खाली शहाबादी असेल तर लोखंडी पट्टी ठेवा, नाहीतर फरशीला तडा जाईल. पहारीच्या रेषेत, म्हणजे ती उसळली तर जिथे येईल तिथे, तोंड ठेवून उभं राहू नका. बाजूला उभं राहून खाली दाबा. आणि पहार ओढून वर करण्यापेक्षा दाबून खाली करणं केव्हाही बरं, कारण दाबताना तुमचं वजनच काम करतं, कमरेला फारसं काही पडत नाही.

उतरण आणि दोर

टेम्पोचा हौदा अडीच फूट उंच असेल आणि १५० किलोंचं यंत्र चढवायचं असेल, तर दहा फुटी फळीवर साधारण ३७ किलो पुरतात, पाच फुटी फळीवर ७५ लागतात. दुप्पट लांब फळी म्हणजे निम्मा जोर. मात्र हे चाकावरचं गणित आहे. यंत्र त्याच दहा फुटी फळीवर घासत नेलं तर घर्षण मिळून ९५ किलोंच्या वर जातं. उलट एक फायदाही आहे. घासत चाललेली वस्तू दमल्यावर सोडली तर एवढ्या उतारावर जागेवर राहते, चाकावरची मागे येते. म्हणून चाकावर न्यायचं असेल तर टेम्पोच्या पुढच्या बाजूला दोर अडकवून एकाने ताण घेत राहायचं आणि ढकलणाऱ्याने यंत्राच्या थेट मागे कधीच उभं राहायचं नाही, बाजूने ढकलायचं.

खाली सोडायला दोरासारखी दुसरी सोय नाही, आणि इथे जुन्या माणसांची एक युक्ती सोन्याच्या मोलाची आहे: खांबाला वेढा. सुती दोर लाकडी किंवा दगडी खांबाला एक पूर्ण वेढा देऊन धरला, घर्षण ०.३ धरलं, तर पलीकडचा ताण तुमच्या हातातल्या ताणाच्या साडेसहा पट असू शकतो. दोन वेढे दिले तर ४० पटीच्या वर. प्रत्येक वेढ्याबरोबर फायद्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. गच्चीवरून ८० किलोंची जुनी टाकी सोडताना खांबाला एक वेढा देऊन हातावर १२-१३ किलो येतात आणि दोर सावकाश सोडता येतो. खांब मात्र खरोखर रोवलेला हवा, गॅलरीच्या गजांना वेढा देऊ नका. दोर हाताला गुंडाळायचा नाही, आणि खाली अंगणात कुणीही उभं नसावं.

कप्पीबद्दल एक गैरसमज आहे. विहिरीवरची एकच बसवलेली कप्पी ताकद वाचवत नाही, फक्त दिशा बदलते. तुम्ही खाली ओढता आणि वजन वर येतं, म्हणून सोपं वाटतं. कप्पी भाराबरोबर वर जाणारी असेल तरच भार निम्मा होतो. बोअरची मोटर काढणारे तीन पाइप उभे करून त्याला चेन पुली टांगतात, ती हेच गणित साखळीने खूप पुढे नेते. दोन दोरांनी भार टांगताना दोर फार पसरू देऊ नका. ते आडव्या रेषेशी ३० अंशांवर आले की प्रत्येक दोरावर निम्मा नाही, पूर्ण भार येतो.

जिना

दोघांनी कपाट उचलून जिन्याने न्यायचं म्हणजे वजन निम्मं निम्मं, असं वाटतं. सपाटीवर तसंच असतं. जिन्यावर नाही. कपाट आडवं करून दोघांनी खालच्या कडेला धरलं असेल, तर त्याचा गुरुत्वमध्य हातांच्या रेषेच्या वर असतो. कपाट कललं की तो खालच्या माणसाकडे सरकतो. ३५ अंशांच्या जिन्यावर १०० किलोंच्या कपाटाचे खालच्याकडे ५८ आणि वरच्याकडे ४२ किलो येतात. फ्रिज बुटका आणि जाड असल्याने त्यात खालच्याचा वाटा ६४ टक्क्यांपर्यंत जातो, आणि कॉम्प्रेसरचं टोक खाली ठेवलं तर त्याहून जास्त.

उपाय दोन. धरायची जागा वर घ्या: पट्टे असे बांधा की हात वस्तूच्या मध्यरेषेवर येतील. हातांची रेषा आणि गुरुत्वमध्य एका ओळीत आले की कितीही कलूनही वाटा समान राहतो. आणि दणकट माणूस खाली ठेवा. वरच्याने ओढायचं नाही, फक्त पेलायचं आणि दिशा द्यायची. हुकूम एकानेच द्यायचा, तोही खालच्याने, कारण कधी थांबायचं हे त्यालाच कळतं. दर वळणावर टेका. पकडीची ताकद पूर्ण लावली तर काही सेकंदच टिकते, निम्मी लावली तर मिनिटभर. "अजून चार पायऱ्या" म्हणत ओढलेलं मिनिटच महागात पडतं.

सुटलं तर? सोडून द्या आणि बाजूला व्हा. मीटरभर खाली आलेली १०० किलोंची वस्तू हातभर अंतरात थांबवायची म्हटलं तरी तिच्या वजनाच्या तिप्पट बल लागतं, वितभरात थांबवायची तर पाचपट. फ्रिज नवा येतो. म्हणूनच जिन्यात खाली तिसरा माणूस "आधाराला" उभा करू नये.

जाता जाता, उंच वस्तू उभी पेलण्याबद्दल. संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत मानाच्या सात काठ्या, म्हणजे नंदीध्वज, निघतात. तीस फुटांच्या आसपासचा नंदीध्वज एक माणूस पेलून चालतो तेव्हा बाहेरगावच्या पाहुण्याला तो चमत्कार वाटतो. ताकद लागतेच, सरावही लागतो. पण उंची इथे शत्रू नसून मित्र आहे. नऊ मीटरची काठी एक मीटरच्या काठीपेक्षा तिपटीने सावकाश कलते, म्हणजे सावरायला तिप्पट वेळ मिळतो. बोटावर झाडू उभा राहतो आणि पेन्सिल राहत नाही, त्याचंही कारण हेच. लांब पाइप किंवा शिडी उभी नेताना नजर वरच्या टोकावर ठेवा आणि कल दिसताच पाय त्याच्या खाली न्या. नुसत्या हाताने सावरायला गेलात तर उशीर झालेला असतो, कारण एकदा नीट कललेली उंच वस्तू परत उभी करायला लागणारा जोर झपाट्याने वाढतो.

हाताने उचलायचंच असेल तर

एवढं सगळं करूनही शेवटी काही गोष्टी हातानेच उचलाव्या लागतात. "पाठ ताठ, गुडघे वाकवा" हा सल्ला भिंतीवर लिहिलेला असतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. पेटी रुंद असेल तर गुडघे वाकवल्यावर ती गुडघ्यांच्या पुढे जाते आणि कमरेपासूनचं अंतर उलट वाढतं. खरा नियम जवळ आणण्याचा आहे. पोतं असेल तर दोन पायांच्या मध्ये घ्या, एक पाय थोडा पुढे. पेटी असेल तर आधी एक कोपरा उचलून अंगाकडे ओढा, मांडीवर टेकवा, मग उठा. पोट आवळून श्वास धरा, नितंब मागे जाऊ द्या, आणि उठताना वळू नका. वळायचं तर पावलांनी वळा. कमरपट्टा बांधला म्हणून मणक्यावरचा भार नाहीसा होत नाही, उलट धीर वाढून माणूस जास्त उचलायला जातो.

कट्टा जमिनीवरून एकट्याने पाठीवर घेऊ नये. हमालही तसं घेत नाहीत. दोघे जण लोखंडी आकड्याने (हुकाने) उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देतात, किंवा थप्पीवरून खांद्याच्या उंचीवरच घेतात. सगळ्यात धोक्याचा टप्पा, जमीन ते कंबर, असा तिघांत वाटला जातो.

फेऱ्यांचाही हिशोब करा. ६५ किलोंचा माणूस ५० किलोंचा कट्टा घेऊन चढतो तेव्हा ओझ्यापेक्षा जास्त तो स्वतःलाच चढवत असतो. विटा, फरश्या, पुस्तकांचे गठ्ठे असतील तर जिन्यावर माणसं उभी करून हातोहात द्या. शरीरं जागेवर राहतात, फक्त माल चढतो. ठेवताना घाई नको. भार खाली सोडताना स्नायू उचलण्यापेक्षा जास्त बल देऊ शकतो, म्हणून सोपं वाटतं, पण दुसऱ्या दिवशीचं अंग ठणकणं बहुतेक याच कामाचं असतं.

मे महिन्यात

माणूस दिवसभर टिकून साधारण ७५ वॅट काम देतो, म्हणजे एका हॉर्सपॉवरचा दहावा हिस्सा. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के, म्हणजे तेवढ्या कामामागे सव्वादोनशे वॅटच्या वर उष्णता अंगात तयार होते. ती घालवायला तासाला पाव ते अर्धा लिटर घाम नुसता वाळायला हवा. सोलापूरचा पारा त्रेचाळीसवर गेला की हवाच कातडीपेक्षा गरम असते, मग बाहेरची उष्णताही आत येते आणि घाम हा एकच मार्ग उरतो. उन्हाळ्यात सामान हलवायचं असेल तर सहाला सुरू करून दहाला आवरा. पाणी तहानेआधी, आणि त्याबरोबर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू-साखर-मीठ. घाम येणं थांबलं, बोलणं अडखळलं किंवा माणूस बरळायला लागला तर तो उष्माघात समजा: सावली, अंगावर पाणी, वारा, आणि लगेच दवाखाना.

कंबर धरली तर दोन-चार दिवस जड काम बंद ठेवा, पण अंथरुणाला खिळून राहू नका. हळूहळू चालणं बरं. दुखणं पायात खाली उतरत गेलं, पाऊल उचलेनासं झालं, मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर मालीश करणाऱ्याकडे जाऊ नका. त्याच दिवशी सिव्हिल किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. अशा वेळी तासांचा फरक पडतो.